उलटवून शिवलेली गोणी

जरा कल्पना करा पाहू. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मग वाचणार कसं? उघडेच राहू द्या.

एक लांबलचक गोदाम आहे. वर पत्रे, खाली फरशी. धान्याची पोती एका बाजूला सरकवून जागा मोकळी केली आहे आणि त्या जागेत चारशे माणसं मांडीला मांडी लावून बसली आहेत. गोण्या शिवणाऱ्या बाया, हमाल, ट्रकवाले, टपाल कचेरीतले कारकून, दोन-तीन शिकलेसवरलेले वकीलसुद्धा. कडेवर पोरं. पोरं खाजवताहेत. त्या वर्षी गोणी शिवणाऱ्यांच्या गल्ल्यांत खरजेने कहर केला होता. एका घरात शिरली की अंथरुणागणिक सगळ्यांना धरायची.

समोर पोत्यांच्या थप्पीवर पांढरी चादर आणि चादरीवर चांदणबाबा. कपडे पांढरे रेशमी, हातांत पांढरे रेशमी मोजे, नाकातोंडावर पांढरा रेशमी पट्टा.

"माझा श्वास लागून पुडीचं तेज कमी होऊ नये म्हणून हा पट्टा!" बाबा पट्ट्याआडून गरजले. "चौदा वर्षं! चौदा वर्षं ही पूड मी डोंगरमाथ्यावर चांदण्यात वाळवली. सूर्याचा एक किरण तिला लागलेला नाही!"

"अहाहा!" चारशे माणसं म्हणाली.

चांदण्यात हातरुमालसुद्धा वाळत नाही, हे रोज कपडे वाळत घालणाऱ्या त्या बायांपैकी एकीलाही आठवलं नाही. असा असतो गर्दीचा प्रताप.

बाबांच्या चेल्याने एका पांढऱ्या परातीत पूड भुरभुरली आणि वर बरणीभर मुंग्या ओतल्या. मग बाबा अर्धा तास बोलले. ते बोलत होते तोवर मुंग्या अडखळायला लागल्या. त्यांचे पाय थरथरले, त्या गोल गोल फिरल्या, उताण्या पडल्या.

"पाहा! मुक्या जिवानेही सहा पायांनी नमस्कार केला!"

नमस्कार नव्हता तो. मरण होतं. पण टाळ्या पडल्या.

शेवटी मोठा चमत्कार. चेल्याने रॉकेलचा स्टोव्ह पेटवला. बाबांनी तांब्याच्या तारेची एक छडी निळ्या ज्योतीत धरली, तिच्या टोकाला चिमूटभर पूड लावली, पुन्हा ज्योतीत धरली आणि ज्योत हिरवीगार झाली! पोपटाच्या पंखासारखी हिरवी. माणसं उभी राहिली. एक म्हातारे हमाल रडायला लागले.

"हा हिरवा रंग म्हणजे पूड जिवंत असल्याची साक्ष! घरी न्या, तेलात कालवा, पोरांच्या अंगाला डोक्यापासून पायापर्यंत चोळा. तीन संध्याकाळ तीन लेप. तोवर अंघोळ नाही. आणि पोराचं अंग थरथरलं तर घाबरू नका. रोग बाहेर पडताना धडपडतो!"

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा. त्या माणसाच्या सगळ्या थापा मी एक वेळ विसरेन, पण हे वाक्य आठवलं की आजही माझ्या मुठी आवळतात. अंग थरथरेल हे त्याला आधीच ठाऊक होतं!

त्या गर्दीत मागच्या खांबाला टेकून मीही उभा होतो. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. पुडीचा वास माझ्यापर्यंत आला होता: कोंदट, बंद ट्रंकेतल्या जुन्या कापडासारखा. हा वास मला कुठून तरी ओळखीचा होता. वाटलं, उठावं आणि विचारावं. पण चारशे माणसांसमोर एकट्याने तोंड उघडायचं माझ्या जिवावर आलं. मी गप्प घरी गेलो. ही माझी चूक, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आला तो वर्गातून. आमच्या पाचवीत एक मुलगी होती. दर दोन वाक्यांमागे "का?" विचारायची, म्हणून सगळी शाळा तिला काबाई म्हणायची.

"सर, चांदणबाबा माझ्या मामाच्या दुकानात पण येतात का?"

"मला कसं ठाऊक? का गं?"

"तिथे पण हिरवी ज्योत दिसते."

वर्ग खिदळला. मी हसलो नाही. काबाईचा मामा जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. जुन्या भंगार तारेवरचं प्लॅस्टिक तो दुकानामागे जाळायचा, म्हणजे आतलं तांबं सुटं व्हायचं.

"तार जळते तेव्हा हिरवी होते ज्योत," काबाई म्हणाली. "आणि मामा तर चौदा वर्षं डोंगरावर नव्हता. तो इथेच होता. आईला विचारा."

मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलो. तिच्या घरी पुडीचा पुडा होताच. तिने धावत जाऊन त्यातली चिमूटभर कागदात आणली. मी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि तिला माझ्या मागे, वारा येत होता त्या बाजूला उभं केलं. (हा प्रयोग तुम्ही घरी करायचा नाही. त्याचा धूर विषारी असतो. शिक्षकांना दाखवायला सांगा, आणि त्यांनीही तारेवरच्या प्लॅस्टिकचा तांदळाएवढा तुकडाच घ्यावा.)

नुसती तांब्याची तार तापवली. तापून लाल झाली, ज्योतीला रंग नाही. तारेला कणीक लावली. जळली, करपली, हिरवं काही नाही. मग मामाच्या तारेवरच्या प्लॅस्टिकचा कण. हिरवी! मग बाबांची पूड. हिरवी!

"म्हणजे पुडीत प्लॅस्टिक आहे?"

"नाही. दोघांत एक गोष्ट सारखी आहे, तिचं नाव क्लोरीन. तापल्या तांब्याला जळत्या पदार्थातला क्लोरीन भेटला की ज्योत हिरवी होते. चमत्कार पुडीचा नाही, छडीचा आहे. बाबांना म्हणावं, लोखंडाची सळई घेऊन करून दाखवा. जन्मात होणार नाही."

"मग पूड वाईट की चांगली?"

"ते ज्योत सांगत नाही. क्लोरीन मिठातही असतो आणि मीठ आपण रोज खातो. तो कोणाबरोबर जोडलेला आहे, त्यावर सगळं अवलंबून. ही पूड कुठल्या गोणीतून येते ते दिसलं, तर कळेल."

"गोण्या तर आईच शिवते," काबाई म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "सर, आमच्या ढब्बूला दोन लेप झाले. काल झोपेत त्याचे हात असे असे झाले." तिने बोटं झटक्यांनी उडवून दाखवली. "आई म्हणते रोग निघतोय. पण सर... त्या मुंग्यांचे पाय पण असेच झाले होते."

मुलांनो, मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण त्या चारशे माणसांच्या गर्दीत खरं विज्ञान एकाच व्यक्तीने केलं होतं, आणि तिच्या दप्तराचा बंद तुटलेला होता.

आम्ही पळतच तिच्या घरी गेलो.

एक खोली. अर्धी खोली गोण्यांच्या ढिगाने भरलेली. काबाईची आई ढिगाला टेकून बसली होती, हातात वीतभर लांब सुई, दोऱ्याचं टोक दातांत. गोणी शिवणाऱ्या सगळ्या बाया असंच करत: दोरा तोंडात ओला करायचा, टोक दातांनी चपटं करायचं, मग ओवायचा. दिवसाला शंभर गोण्या म्हणजे शंभर वेळा. शेजारी चार वर्षांचा ढब्बू उघडाच बसला होता, आणि त्याच्यासमोर तेलाची वाटी. तेलात पांढरी पूड कालवलेली.

"या सर, बसा की. आज तिसरा लेप. दुपारच्याला गोण्या न्यायला माणूस येतो, म्हणून म्हटलं लवकर उरकावं."

"ताई, ती वाटी आधी लांब ठेवा."

"का हो?" तिच्या कपाळाला आठी पडली. "दोन महिने पोर ओरबाडून रक्त काढत होतं. डोळ्याला डोळा नव्हता. आता खाजवत नाही ते. बाबांनी केलं. तुम्ही काय केलंत?"

मी वाटी स्वतःच उचलून ढब्बूच्या हाताबाहेर ठेवली.

"खाज थांबली हे खरंच आहे ताई. खरजेचा किडा मेला. पण ज्याने किडा मेला ते ढब्बूच्याही अंगात मुरतंय. बाबांच्या गोण्या तुम्हीच शिवता ना?"

"मग! सेवा म्हणून शिवते." तिने ढिगातली एक उचलली. "जरा डोकं दुखतं शिवताना, दोरा कडू लागतो. पण देवकार्य आहे."

"या गोणीवर काहीच छापलेलं कसं नाही?"

आई हसली. "सर, तुम्हाला आमचं काम माहीत नाही. जुनी गोणी आम्ही उलटवून शिवतो. जुन्या धन्याचं नाव आत, कोरी बाजू बाहेर. कुठलाही व्यापारी तसंच मागतो."

"आणि आत काय आहे, आई?" काबाईने विचारलं.

"आत कवटीचं चित्र आहे. बाबा म्हणाले, मृत्यूला कैद केल्याची ती खूण. कैदी आतच ठेवायचा असतो."

मी हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, गोणी घेतली आणि उलटवली. काळी कवटी, खाली दोन हाडांची फुली, आणि छापलेली अक्षरं. आईला वाचता येत होतं, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. पण दिवसाला शंभर गोण्या शिवणारी बाई गोणी वाचत नाही, उलटवते. त्या दिवशी तिने पहिल्यांदा वाचली.

"बी-एच-सी. की-ट-क-ना-श-क. वि-ष. अन्ना-पासून... दूर ठेवा. माणसांच्या... जनावरांच्या... अं-गा-ला... ला-वू... न-ये."

दोऱ्याचं टोक तिच्या ओठांतून गळून पडलं.

आणि त्याच वेळी ढब्बू ताठ झाला. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. आई किंचाळली. मी त्याला कुशीवर वळवलं; तोंडात काही घालू दिलं नाही, ना चमचा, ना पाणी. झटके थांबताच त्याला स्वच्छ चादरीत गुंडाळलं आणि मामाच्या टेंपोतून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी झटक्यांवरचं इंजेक्शन दिलं आणि मग साबण-पाण्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, तीनदा. धुता धुता त्या दात-ओठ खात होत्या.

"तेलात? कोणी सांगितलं तेलात कालवायला? ही पूड पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. तेलात कालवून चोळलं की कातडीतून सरळ आत! या आठवड्यातलं हे सातवं पोर आहे माझ्याकडे. प्रत्येकाची आई मला सांगते, रोग निघतोय!"

"पण त्याला झटके का आले?" काबाईने विचारलं. एवढ्या रडण्यातसुद्धा तिचा 'का' सुटला नव्हता.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि हात न थांबवता उत्तर दिलं. "घराची बेल असते ना? बटण दाबलं की वाजते, सोडलं की थांबते. आपल्या नसा तशाच. या विषाने बटण दाबलेलंच राहतं. मुंगीचंही आणि माणसाचंही. मुंगी लहान, म्हणून लवकर मरते. तुझा भाऊ तिच्याहून मोठा आहे, हे आपलं नशीब."

तेव्हा मला तो वास कुठला ते आठवलं. मी लहान असताना फवारणीवाले घरोघर यायचे. डासांसाठी, भिंतींवर. त्याने हिवताप कमी झाला, पुष्कळ जीव वाचले. खोटं कशाला बोलू? पिकांवर हीच पूड मारली जायची. डॉक्टरही पूर्वी तिच्यातला एकच भाग वेगळा काढून, शेकड्याला एक एवढाच घालून, खरजेचं मलम एकदाच लावायला द्यायचे आणि धुवायला लावायचे. आणि लहान मुलांना तेही द्यायला कचरायचे. मग कळलं की ही पूड मातीत वर्षानुवर्षं तशीच राहते, गवतातून गाईत, गाईतून दुधात, दुधातून बाळात जाते, आणि अंगातल्या चरबीत साठून बसते. म्हणून देशोदेशी ती बंद झाली. उरलेल्या गोण्या कुलपात गेल्या. आणि पुढे पोलिसांनी शोधून काढलं की त्या कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती, तो आता बाबांचा चेला होऊन परातीत मुंग्या ओतत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची बैठक होती. मामा ढब्बूपाशी थांबला. आई, काबाई आणि मी गोदामात गेलो. या वेळी मी खांबाला टेकलो नाही. पार पुढे गेलो, खिशातून मामाच्या तारेचा तुकडा काढला आणि बाबांच्याच पेटत्या स्टोव्हवर धरला. ज्योत हिरवीगार झाली.

"भंगारातली तार आहे ही," मी म्हणालो. "हीही डोंगरावरून आली का?"

गर्दीत कुजबुज झाली. बाबा डगमगले नाहीत. "अश्रद्धाची ज्योत! रंग तोच, पण तेज नाही! बसा खाली!"

"बसा हो मास्तर!" कोणी तरी ओरडलं. "पोरांची खाज गेली, ती काय तुमच्या फळ्याने गेली?"

मग काबाई बोलली. एवढीशी, पण आवाज खणखणीत.

"बाबा, अंग थरथरलं म्हणजे रोग निघतो ना? मग त्या दिवशी मुंग्या थरथरल्या, त्यांना कुठला रोग होता? त्यांना पण खरूज झाली होती का?"

एक हमाल फसकन हसला. मग दुसरा.

"बाळ, मुंगीच्याही पोटी पाप असतं..."

"मग पाप निघाल्यावर ती मेली का? माझा भाऊ पण मरायला आला होता."

तेव्हा आई पुढे आली. तिच्या हातात तीच तेलाची वाटी होती.

"बाबा, हा माझ्या ढब्बूचा तिसरा लेप. उरलाय. वाया कशाला घालवायचा? काढा मोजे. मी चोळते तुमच्या हाताला, सेवा म्हणून."

बाबा मागे सरकले.

"काढा की!" मागून एक बाई ओरडली. "माझ्या नातीला दोन लेप लावलेत मी! काढा!"

बाबा आणखी मागे सरकले, थप्पीवरून घसरले, आणि त्या म्हाताऱ्या हमालांनी त्यांचा हात धरला. तेच, जे आदल्या बैठकीला रडले होते. रेशमी मोजा त्यांच्या हातात आला. आत दुसरा मोजा होता. जाड, काळा, कोपरापर्यंतचा रबरी मोजा, फवारणीवाल्यांचा.

त्या काळ्या मोज्यानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लेकरांना तेलात कालवून चोळा म्हणणारा स्वतः बोटसुद्धा लावत नव्हता! मारायला धावले लोक. आम्ही मध्ये पडलो, डॉक्टरीणबाईंनी कळवलेले पोलीस आले, बाबा आणि चेला गाडीत बसले. आयांनी पोरं उचलली आणि दवाखान्याचा रस्ता धरला. डॉक्टरीणबाईंनी थरथरणाऱ्यांना आत घेतलं, बाकीच्यांना धुतलं, खरजेचं साधं मलम दिलं आणि अंथरुणं उकळत्या पाण्यात टाकायला लावली. खरूज जायला तेवढं पुरे होतं. तेवढंच, आणि सगळ्या घराने एकाच दिवशी करायचं.

पण राग आंधळा असतो. माणसं परत आली, गोदामातल्या पुडीने भरलेल्या गोण्या ओढू लागली. "कालव्यात फेका! जाऊ दे वाहून!"

"वाहून कुठे जाईल?" मी ओरडलो. "ही विरघळत नाही! गाळात बसेल, माशांत जाईल, आणि वीस वर्षांनी तुमच्या नातवंडांच्या ताटात येईल! जाळलीत तर त्याहून वाईट धूर होईल. कुलपात ठेवा. सरकारी माणसं येऊन नेईपर्यंत पहारा करा."

आणि तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे, मुलांनो. कोणी काही अद्भुत दाखवलं तर टाळी वाजवण्याआधी विचारा: हेच दुसऱ्या कशाने होतं का? दाखवणारा स्वतः ते अंगाला लावतो का? गोणीच्या आतल्या बाजूला काय छापलंय? उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्यापासून पोराला उचला आणि दवाखान्यात न्या. आणि मनात शंका आली तर माझ्यासारखे खांबाला टेकून उभे राहू नका.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी ढब्बू उठून बसला आणि त्याने पहिली गोष्ट काय केली? काबाईची वेणी ओढली. आईचंही रक्त तपासलं. डोकेदुखी तिला आणखी बरेच दिवस राहिली.

काबाई मात्र त्या दिवशी शाळेत आली नाही. मी शोधत गेलो तर ती गोदामाच्या दारात बसली होती. गोदामात एकतीस भरलेल्या गोण्या होत्या, सगळ्या उलटवून शिवलेल्या, सगळ्या बाहेरून कोऱ्या. काबाईने स्वच्छ तागाचे एकतीस तुकडे कापले होते आणि काळ्या रंगात ब्रश बुडवून प्रत्येकावर ती कवटी काढत होती. आई आत होती, हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, आणि एकेक तुकडा गोणीच्या बाहेरच्या बाजूला, दिसेल असा टाचत होती.

"केवढी भयंकर काढलीयेस गं," मी म्हणालो.

"अजून दात राहिलेत, सर."

"काबाई, दोरा दे गं," आतून आई म्हणाली.

काबाईने ब्रश खाली ठेवला. दोऱ्याचं टोक शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बुडवलं, चिमटीत दाबून चपटं केलं, सुईत ओवलं आणि सुई आईच्या हातात दिली. मग पुढचा तुकडा घेतला आणि दात काढायला बसली.